समासात

ओउलू विद्यापीठाच्या तळघरात, खोली ब-सात,
मी उत्तरांचे आकडे करते.
कधीच नाही म्हणजे एक. क्वचित म्हणजे दोन.
नेहमी म्हणजे पाच.
पाचाच्या पलीकडे कुणाचं काही घडलं असेल
तर त्याला रकाना नाही.

कागदांवर नावं नसतात.
क्रमांक, जन्मसाल, धंदा
आणि कुटुंबाचा संकेतांक,
एका घरातली भावंडं संगणकाला ओळखू यावीत म्हणून.
एकशे अठराला मी आपली मनात आउने म्हणते.
वय त्रेसष्ट. केमीच्या कागद गिरणीत
बत्तीस वर्षं गुंडाळ्यांवर चिठ्ठ्या डकवल्या.

प्रश्न चौदा: वडिलांना माझी काळजी आहे हे मला जाणवायचं.
तिने खूण केलीय तीन आणि चारच्या मधल्या रेघेवर,
पेन इतकं दाबून
की पाठच्या पानावर, जिथे झोपेबद्दल विचारलंय,
एक फुगीर ठिपका उठलाय.
बोटाला लागतो.
आणि समासात, तिरकं:
"बाबा बोलत नसत. पण हिवाळ्यात शाळेला निघताना
माझे बूट आतून गरम असायचे.
चुलीपाशी ठेवलेले. रोज."

समास वाचायचा पगार मला मिळत नाही.
नियमावली, पान नऊ:
खूण दोन चौकटींच्या मध्ये पडली तर लहान आकडा घ्यावा.
मी तीन टाकले.
बूट आठवले, चार केले.
मग मुकाट्याने पुन्हा तीन.

पुढच्या भागात बाई ठणठणीत.
माणसांवर विश्वास टाकणं मला सोपं जातं: पाच.
संकटात कुणीतरी धावून येईल असं वाटतं: पाच.
वाटलं, बघा, एवढ्याशा उबेवर
माणूस साठ हिवाळे काढतो.

जेवणानंतर एकशे एकोणीस.
तोच संकेतांक. पुरुष, चार वर्षांनी मोठा, सुतार.
हा ताइस्तो.
चौदाला एक.
चौकटीच्या बरोब्बर मध्ये, खिळा ठोकावा तसा.
पंधराला एक. सोळाला एक.
सतरा: धाकट्या भावंडांचं मला बघावं लागे.
पाच.
आणि समासात, पट्टी लावून लिहावं तशा अक्षरांत:
"बहिणीचे बूट शेकायचो. म्हातारा झोपलेला असे.
तिला माहीत नाही.
तुम्ही विचारलंत म्हणून लिहिलं."

दुपारचे अडीच वाजले होते, बाहेर काळोख.
वर पार्किंगमध्ये कुणीतरी
गाडीच्या काचेवरचं बर्फ खरवडत होतं, थांबत होतं,
खरवडत होतं.

हेल्लेवी रास्क, आमच्या प्रमुख, नेहमी सांगतात,
आपण बालपण मोजत नाही, आठवण मोजतो.
भावंडांची उत्तरं जुळली नाहीत
तर दचकायचं नाही, तीही माहितीच.
मी दचकले नाही.
फक्त चहा गार झाला.

गुप्ततेच्या करारावर माझी सही आहे.
नसती तरी काय केलं असतं?
केमीला फोन लावून म्हटलं असतं,
बाई, तुमच्या वडिलांचे ते साडेतीन गुण
जरा परत द्या?
त्याने मागितलेले नाहीत.
आणि ती ज्या बुटांवर उभी आहे
ते आता तिच्या पायांतून कोण काढणार,
आणि का?

त्याचा दुसरा भाग भराभर संपतो.
दोन, दोन, एक, दोन.
शेवटचा प्रश्न: सकाळी उठल्यावर मला प्रसन्न वाटतं.
कोरा.
खूण नाही, समासात अक्षर नाही,
पेन टेकवून उचलल्याचासुद्धा डाग नाही.
मी कागद दिव्यासमोर धरून पाहिला.

कोऱ्या उत्तराला नव्व्याण्णव लिहायचं असतं.
एक ते पाचाच्या या सगळ्या पसाऱ्यात
तोच सर्वांत मोठा आकडा.
गणित करताना संगणक तो वगळतो.

नव्व्याण्णव टाकले. जतन केलं.
पडद्यावर आता दोघं एकाखाली एक,
एकशे अठरा, एकशे एकोणीस,
मध्ये केसाएवढी राखाडी रेघ.