पाट

साडेपाचला बाबांनी दिवा न लावताच कणीक भिजवली.
हळद, चिमूटभर हिंग, शेंगदाण्याची पेंड.
आई अंथरुणातूनच म्हणाली,
चाळीस वर्षांत घरच्या पोळ्यांना
कधी हात लावला नाहीत.

मग आम्ही पाच जण, तीन गळ, एक बादली.
त्यात ओवी अर्धी झोपेत
आणि उरलेली प्रश्नांत.

रायलादेवीच्या काठावर दिवे अजून चालू होते,
पाण्यात त्यांच्या पिवळ्या काड्या हलत होत्या.
पलीकडे चालायला आलेले लोक
मनगटावरच्या आकड्यांशी भांडत गोल गोल.
रखवालदार तोंडात शिट्टी धरून आला,
बाबांना पाहिलं आणि ती खिशात घातली.
वागळे इस्टेटमध्ये एकच कंपनी, एकच शिफ्ट, तेवीस वर्षं;
बोलायचं असं फार उरलेलं नव्हतं.
"गुडघे?"
"आहेत."

बाबा उभेच होते.
खाली बसलं की उठताना
कुणाचा तरी हात लागतो.
उभ्यानंच गळ बांधायला घेतला.
लेथवर केसाएवढा फरक
बोटानं ओळखणारा माणूस,
आणि दोरा भोकाशी जायचा
नि भोकाच्या शेजारून निघून जायचा.
एकदा. दोनदा.
आम्ही सगळे अचानक पाण्याकडे बघू लागलो.
विडी सोडून दोन वर्षं झालेल्या किसननं
खिशात काडेपेटी चाचपली.
"द्या आबा, मला सुई येते,"
असं म्हणून ओवीनंच ओवला.
पाच वेढे, थुंकी, मग ताण,
हे मात्र त्यांनी सांगितलं,
मला सांगितलं होतं
त्याच रागीट आवाजात.

मोरपिसाचा देठ पाण्यावर उभा राहिला.
आता गप्प बसायचं.
आमच्या घराला हे कधी जमलेलं नाही.
आईनं भाकरी-सुकटीचा डबा उघडला
आणि मावशीच्या जावयाचं प्रकरण.
किसन म्हणाला, मासे ऐकतायत.
ऐकू देत, ती म्हणाली,
त्यांच्यातही असतील असले.

ऊन आधी समोरच्या अठराव्या मजल्यावर आलं,
तिथल्या वाळत घातलेल्या चादरीवर,
मग बऱ्याच वेळानं आमच्यावर.

देठ बुडाला.
बाबा दोन पायऱ्या खाली उतरले
गुडघ्यांना न विचारता.
मरळ आहे. मोठी. ढील दे, ढील दे पोरी,
घे आता. हळू.
रखवालदार धावत आला,
चालणारे दोघं-तिघं थांबले,
घड्याळं बिचारी थांबली.

वर आला तो पाट.
शेवाळलेला, एका बाजूनं फुगलेला,
कुठल्यातरी भादव्यातला.
देव विरघळून गेला असेल
आणि हा हातातून सुटला असेल कुणाच्या,
गर्दीत, भरल्या डोळ्यांनी, किंवा नुसत्या घाईत.
उलटा केला तर खाली लाल ऑइलपेंटमध्ये
ज. रा. ठ.
आणि त्याखाली, बारीक अक्षरात,
परत आणणे.

हसून हसून किसन पायरीवर आडवा झाला.
बाबांनी पाट तळहातानं घासला,
दोनदा पाणी ओतलं,
वरच्या पायरीवर ठेवला.
"अहो, त्यावर बसायचं?" आई.
"देव उठून गेला," ते म्हणाले,
"जागा रिकामी आहे."
आणि सकाळपासून पहिल्यांदा बसले.

त्यानंतर दोन चिलापी लागल्या,
तळहाताएवढ्या.
एकीचं नाव ओवीनं चमेली ठेवलं
त्यामुळे ती परत पाण्यात गेली.
दुसरीला नाव मिळायच्या आत
आईनं बादलीवर ताट झाकलं.

येताना पाट बाबांच्या काखेत.
वाटेत इस्त्रीवाल्याला विचारलं,
दूधवाल्याला, मेडिकलवाल्याला:
ज. रा. ठ. कोण हो?
ठाकूर असतील. ठोंबरे. ठाणेकर.
माहीत नाही.

एका माशात पाच जणांचं कालवण
कसं झालं ते आईलाच ठाऊक.
पाट गॅलरीत उन्हाला ठेवलाय.
पालथा,
अक्षरं वर.