बिल्ला

बिल्ल्यावर लिहिलंय : सहायक.
पाकिटात, बसच्या पासामागे, दुसरं कार्ड.
परीक्षा पास, नोंदणी पक्की,
नर्सची जागा मार्चपर्यंत नाही.

डुलुथ. सरोवर गोठलंय नजर पोचेल तिथवर.
रात्रपाळीला मी चादरी बदलते,
भांडं देते, भांडं घेते,
ऑर्विल लिंडक्विस्टना कुशीवर वळवते.

आज वळवताना पाठीतून आवाज आला,
ओल्या पिशवीत कुणी बोटं फिरवावीत तसा.
घोट्यावर अंगठा दाबला. खळगा पडला
आणि तसाच राहिला.

टेसला सांगितलं. चोवीस वर्षांची पोर,
चौदा खोल्या तिच्या गळ्यात.
"वजन केलंस? मग लिहून ठेव."
गळ्यातल्या स्टेथोस्कोपकडे बघत मी म्हणाले,
"एकदा ऐकून ये ना."
ती उठली. तिच्यापेक्षा खुर्चीच जास्त बोलली.

माझ्या रकान्यात मावतं एवढंच :
जेवण निम्मं, लघवी कमी, त्वचा ठीक.
उद्या कुणी विचारलं, "तुला तर कळत होतं ना?"
तर उत्तर बिल्ला देणार नाही.

"मारिविक," लिंडक्विस्ट विचारतात, "मघाशी काय ऐकत होतीस?"

मी उशी उंच करते. त्यावर आणखी एक.
"काही नाही. उशी घसरली होती."