आडवा येणारा

उमेझावा-सान दर दुसऱ्या गुरुवारी येतात, पावणेअकराला.
त्या दिवशी माझ्या दुकानात
केस न वाढलेली माणसंही नंबर लावून बसतात.
मासळीबाजारातला कुरोकोची तर पार टकला,
म्हणतो, "मानेवरचं बघ जरा."

खेळणं थांबवून नऊ वर्षं झाली.
आता ते पालिकेच्या पाणीखात्यात, घरोघर मीटर वाचतात.
काम मिनिटभराचं,
पण एकेका गल्लीला त्यांची अख्खी सकाळ जाते.
कुणी पर्सिमन देतं, कुणी वाळवलेला माकूळ,
आणि टेकडीवरची हाचिया आजी
नळ गळत नसताना गळतो म्हणून कळवते.

परवा एका पोरानं विचारलं,
"आजोबा, तुम्ही गोल किती केले?"
(आजोबा! पंचेचाळिशीचा माणूस.)
"एक."
"कुणावर?"
"आपल्यावरच."
दुकान हसलं. तेही हसले, साबणासकट.

पोराला काय सांगायचं?
बचावपटूचं सगळं काम न झालेल्या गोष्टींचं.
जो चेंडू जाळ्यात गेला नाही
त्याचा फोटो कोण काढतो?
चौदा वर्षं हा माणूस फक्त आडवा येत राहिला,
नाकानं, बरगडीनं, एकदा तर कानानं.
सात टाके. कात्री तिथे मी अजून हळू चालवतो.

आणि मग तो नोव्हेंबर, तो स्वयंगोल,
शेवटून दुसरं मिनिट,
क्लब खालच्या श्रेणीत.
संघ आत गेला. हे एकटे
पावसात गॅलरीकडे तोंड करून वाकले ते वाकलेच.
झाडणाऱ्या ओगुनी बाईंचा झाडू
पायाशी येऊन अडला तेव्हा कुठे सरकले,
तेही "माफ करा" म्हणून.
पुढच्या वर्षी मोठ्या शहराचं बोलावणं आलं होतं म्हणतात.
गेले नाहीत.

त्या दिवशी मैदानात तेवीसशे माणसं होती.
आज गावात निदान सात हजार जण
ते वाकणं डोळ्यांनी पाहिल्याचं सांगतात.
कुरोकोची तर रडून दाखवतो,
तो तेव्हा होक्काइदोला होता.

मी होतो. खरंच होतो.
पण चेंडू आत गेल्या गेल्या उठलो,
जाताना कठड्यावरून ओरडलो काहीतरी,
जे बायकोलाही सांगितलेलं नाही,
आणि शेवटची बस पकडली.
मला पाठ दिसली होती फक्त, दहा नंबरच्या बसची.

आज साबण लावला, वस्तरा परजला.
"मान जरा खाली," म्हणालो.
त्यांनी घातली.
बाकावर सगळे गप्प. बाहेर समुद्राचा वारा
दाराचं कापड उलटं फडकवत होता.

मानेवर दोन केस राहिले होते.
मी बराच वेळ लावला.
"झालं का?" त्यांनी विचारलं, मान न उचलता.
"नाही अजून," म्हटलं,
"थोडं थांबा."