वाटीएवढं भोक

कुडचड्यात, रेल्वे फाटकापलीकडे, इनास मेस्ताच्या शेडमध्ये
ओपेल रेकॉर्डचं बॉनेट तिसऱ्या दिवशीही उघडंच.
कार्ब्युरेटर झाला, प्लग झाले, टाकीतला गंज
खडी घालून, हलवून हलवून काढला.
तरी सेल्फ मारला की इंजिन घसा खाकरतं
आणि बोलत काही नाही.

"पेट्रोल वर चढत नाही," इनास म्हणतो,
इंजिनाच्या कुशीत हात घालून
दोन नट सोडवतो, डोळे मिटून, बोटांनीच बघत.
पंप बाहेर येतो : दोन मुठींएवढा,
वर काचेची वाटी, तिच्या तळाशी काकवीसारखं काहीतरी,
जुन्या व्हार्निशच्या वासाचं.

उघडण्याआधी तो कानशीनं
दोन्ही पाळ्यांवरून एक आडवी खूण ओढतो,
नाहीतर परत बसवताना याचं तोंड फिरतं.
मग थांबतो. चष्मा कपाळावर.
खूण आधीच आहे. दुसरी. गंजलेली, जरा वाकडी.
"हें कोणें तरी आदीं उगडलां."

उमाकांत टॉर्च धरून उभा.
शेहेचाळीस वर्षांचा माझा धाकटा भाऊ, दुबईहून रजेवर,
त्याला चवथीआधी गाडी रस्त्यावर हवी आहे.

सहा स्क्रू. पाचवा रडवतो.
झाकण सुटतं, आणि आत
जिथं काळा पडदा असायचा, तिथं लाल.
विटकरी लाल, आधी फुगलेला, मग वाळलेला,
कडेला कात्रीचे दात.
एका बाजूला अजून शाबूत : कापडाची वीण
आणि निळ्या शिक्क्यातलं अर्धं अक्षर.

त्या अक्षराचं उरलेलं अर्धं
मी लहानपणभर दोरीवर वाळताना पाहिलंय.
सावंतवाडीला कंपाउंडर असलेल्या मामानं
आईच्या बाळंतपणाला पाठवलेली रबरी शीट.
कोपऱ्याकडे वाटीएवढं भोक,
आणि उमाकांतचा नेम रोज तिथंच.
"उंदीर मेले," आई गादी उन्हात टाकताना म्हणायची.
उंदीर इतकं गोल कुरतडतात का,
हे तिला कुणी विचारलं नाही. पपांनी तर नाहीच.

मी सात वर्षांची. बाळ तीन आठवड्यांचं, अंग तव्यासारखं.
केप्याचे डॉक्टर म्हणाले, आत्ताच मडगावला न्या,
आणि दारातली टॅक्सी सुरू होईना.
कंदील. पपांची काळी कोपरं.
मध्येच ते आत आले, फडताळातली वाटी उचलली,
मला वाटलं, पाणी पितायत.

"रबर ना हे?" इनास म्हणतो. "पेट्रोलात एक रात्र टिकेल.
दोन, नशीब असलं तर."
एक पुरली.
पहाटे गाडी परत आली ती ताडपत्रीखाली गेली.
नवा पंप मिळेना, आणि पैसे तर त्याहून मिळेनात.
पुढच्या महिन्यापासून पपा सांग्याकडे, खाणीच्या ट्रकवर.
घरी यायचे तेव्हा भुवयासुद्धा लाल.

कोइंबतूरहून आलेलं पाकीट इनास दातांनी फाडतो.
दांडी अर्धी दाबून धरायची,
स्क्रू समोरासमोरचे आवळायचे, थोडे थोडे,
नाहीतर पडद्याला चुणी पडते.
मग हातानंच दांडी मारत राहतो. वीस वेळा. तीस.
काचेत एक थेंब. बराच वेळ तो एकटाच.
मग तळ ओला, मग अर्धी वाटी.

"हे फेकू?" उमाकांत विचारतो,
लाल चकती दोन बोटांत, मेलेल्या पालीसारखी लांब धरून.
"नको. कागदात बांध."
"कशाला?"
त्याला नंतर सांगेन. आधी आईला.

"आई, शीटचं ते भोक उंदरांचं नव्हतं."
सगळं सांगते. वाटीसुद्धा.
पलीकडे कितीतरी वेळ नुसता पंख्याचा आवाज.

"पाच मारले होते गं मी," ती म्हणते.
"कणकेत विष घालून."