टोल्याआधी

कॉलेजच्या स्मरणिकेत त्या सामन्याला अख्खं पान मिळालंय.
त्रेसष्ट–बासष्ट.
मुलींनी पहिल्यांदा आणलेली ढाल,
इडा फर्गोजचा हवेतला डावा हात,
आणि फोटोच्या कडेला, टेबलाशी,
मान खाली घातलेली कुणी मुलगी.
ती मी.

उपांत्य फेरीत घोटा मुरगळला होता,
वाघधरे सर म्हणाले, 'नाबर, नुसती बसून काय करणार,
घड्याळ धर.'
तेव्हा असंच असायचं. टेबलावर एक त्यांची, एक आमची.
त्यांची सकीना गुण लिहायची, शाईच्या पेनानं.
माझ्या डाव्या मुठीत स्टॉपवॉच,
उजवीकडे कुठल्याशा शाळेतून मागून आणलेली पितळी घंटा
आणि दांड्याला सुतळी गुंडाळलेली हातोडी.

नागपाड्याचं सिमेंटचं मैदान, एकोणऐंशीचा फेब्रुवारी.
गॅलऱ्या भरलेल्या, कठड्यावर पोरं,
भट्टीतून निघालेल्या नानचा वास,
आणि एक चाचा, दर फाउलला
पंचाच्या सात पिढ्यांची विचारपूस करणारे.
सोलवटलेल्या गुडघ्यांना इराण्याकडचा बर्फ,
रुमालात बांधून.

शेवटचं मिनिट सगळ्यांना मैदानासारखं आठवतं,
मला तबकडीसारखं.
काटा पंचेचाळीसवर: एकसष्ट–बासष्ट, आम्ही मागे.
बावन्नवर चिंबुलकरनं चेंडू हिसकावला असणार,
कारण ओरडण्यानं कूस बदलली.
सत्तावन्न. सिमेंटवर दोन ठोके.
अठ्ठावन्न. कॅनव्हासचा बूट कर्रकन वळला.
एकोणसाठ.
मग काहीच नाही.
चाचासुद्धा गप्प.

मी हातोडी मारली.
साठवर? की साठ ओलांडून?
काटा केसभर पुढे होता, की माझाच अंगठा कापत होता?
टोला आणि जल्लोष एकमेकांत मिसळले.
मान वर केली तेव्हा जाळी हलत होती
आणि चेंडू, कुणाचाच नसल्यासारखा,
कंपाउंडच्या भिंतीकडे घरंगळत चाललेला.
पंचानं दोन बोटं खाली आणली.
सकीनानं माझ्या मुठीकडे एकदा पाहिलं
आणि शाईनं लिहिलं: दोन.

तेव्हापासून ऐकतेय.
कुणी सांगतं, फळीला लागून गेला.
कुणी सांगतं, रिंगवर दीड फेरी मारली, मग पडला.
इडा वसईहून फोन करायची, म्हणायची,
'मी तर डोळे मिटले होते, बाय.'
'तू तर अगदी जवळ होतीस,' असं मला म्हणतात,
आणि मी मान हलवते,
साखरपुड्याच्या जेवणात मीठ जास्त झालंय
हे जिला ठाऊक आहे तिच्यासारखी.

गेल्या महिन्यात भायखळ्याला, डोळ्यांच्या दवाखान्यात,
बाकावर शेजारी फिकट हिरव्या रिद्यातली बाई,
थेंब घालून बाहुल्या विस्फारलेल्या.
माझ्या आवाजावरून तिनंच ओळखलं. 'नाबर?'
आधी घोट्याची चौकशी केली.
पंचेचाळीस वर्षांनी, घोट्याची.

मग मी विचारलं, कुणालाच न विचारलेलं:
'टोला उशिरा पडला होता का गं?'
'मला काय माहीत? घड्याळाकडे कोण बघत होतं?'
'मुठीकडे पाहिलंस की माझ्या.'
'रक्त येत होतं अंगठ्यातून. इतकं दाबलं होतंस.'
थोडा वेळ पंख्याचाच आवाज.
'म्हणजे तू ती बास्केट पाहिलीच नाहीस?'
'नाही.'
'या अल्लाह,' म्हणाली, 'आणि आम्ही हरलेल्यांनी पाहिली.'

मग तिनं बोट उचललं.
इथून सुटला. अशी कमान.
इथे, सगळ्यांत वर, जरा थबकल्यासारखा.
तिला माझं तोंड दिसत नव्हतं, मला चष्म्याशिवाय तिचं,
पण ते बोट स्वच्छ दिसत होतं,
मेंदी उडालेलं, ट्यूबलाइटच्या खाली.

आतून नर्सनं माझा नंबर पुकारला: एकसष्ट.

'थांब,' सकीना म्हणाली, बोट तसंच वर,
'अजून पडला नाही.'