शिगेचं माप

माझ्या पिशवीत तीन वाट्या असायच्या,
लहान, मधली, मोठी,
दोन चमचे, आणि भाकरीच्या आकाराची
पुठ्ठ्याची गोल चकती.
"काल सकाळपासून काय काय खाल्लंत?"
विचारत मी आठ महिने मंडईत फिरले.
बायकांना वाटायचं, रेशनकार्डाचं काहीतरी असणार.

रत्नप्रभा झगडे. वय एक्केचाळीस. धंदा भाजीचा.
तिच्यापुढे आवळ्यांचा ढीग, मातीची गाजरं,
ओल्या गोणपाटाखाली मांजरीचा पालक,
म्हणजे माझ्या तक्त्यातली क, ई, बीटा कॅरोटीन,
सगळी पाट्यांवर मांडून बसलेली.
आणि काल खाल्लं काय?
चहा. पाव. चहा.
दुपारी भाकरी न् ठेचा.
रात्री, जे विकलं नाही ते.
"पण काल समदं विकलं गेलं, ताई!"
हे तिनं आनंदानं सांगितलं.
मी लिहिलं : पालेभाजी, शून्य वाटी.

मशेरी?
"लावते की. दोनदा. लिहू नका."
लिहिलं.

रक्त देताना ती भावाकडे बघत राहिली,
मेथीच्या भावाकडे, समोरच्या पाटीवर खडूनं लिहिलेल्या.
नळी थर्माकोलच्या डब्यात, बर्फावर,
माझ्या मांडीवर, रिक्षातून गेली,
आणि उणे ऐंशीच्या कपाटात जाऊन बसली.
क्रमांक चारशे बारा.
वीज गेली की जनरेटर धावून यायचा तिच्यासाठी.
इतकी काळजी तिची कुणी कधी घेतली नव्हती.

नऊ वर्षं.
तेवढ्यात मंडईच्या पोटात मेट्रोचं स्टेशन झालं,
माझा चष्मा दोनदा बदलला.
मग संगणकानं यादी काढली.
चारशे बारा : केस.
चारशे तेरा, शेजारच्या गाळ्यावरची तिची जाऊ शेवंता : कंट्रोल.
एकाच तव्यावरची भाकरी, एकाच डबीतली मशेरी.

"सकाळी मूठ मिटत नाय," रत्नप्रभा म्हणाली.
"धा वाजेस्तोवर हात कुणा दुसरीचे असल्यागत."
अडीचशेचं वजन ती दोन्ही तळव्यांत धरते
आणि तागडीत ठेवते
निरांजन ठेवावं तसं.
गिऱ्हाईक घाई करतं. शेवंता मधेच हात घालून कांदे भरून देते.

आमच्या अहवालात दोन ओळी आल्या :
ज्यांच्या रक्तात हे घटक कमी, त्यांच्यात सांध्यांचा हा आजार किंचित अधिक.
संबंध क्षीण. कारण म्हणता येणार नाही.
क्षीण हा शब्द मीच सुचवला होता,
मॅडमना "कमकुवत" आवडत नव्हतं.

"मग तवा आवळे खाल्ले असते, तर?"
तिनं सहज विचारलं, कोथिंबिरीच्या काड्या मोडत,
म्हणजे मोडायचा प्रयत्न करत.
मला शिकवलेलं उत्तर होतं,
आहारात फळं असावीत, वगैरे.
ते जिभेपर्यंत आलं आणि तिथंच राहिलं.
"माहीत नाही," मी म्हटलं.
"नायच खाल्ले असते," तीच म्हणाली,
"वाटीभर म्हणजे आठ रुपये जायचे तेव्हा."

उठताना तिनं माझ्या पिशवीतली मोठी वाटी ओढून घेतली.
बोटं नकोत म्हणून मनगटानं
आवळे ढकलले आत, ढकलतच राहिली,
वाटी भरली, वर शीग आली,
दोन घरंगळून नाल्याकडे गेले.
पैसे घेईना.

शिगेचं माप माझ्या तक्त्यात नाही.
मी तिथंच उभ्यानं एक चावला, तुरट, दात आंबवणारा,
आणि दुसरा तिच्यापुढे धरला.
"थांबा," ती म्हणाली, "गिऱ्हाईक हाय."