येनिसेईकाठी, दीड तास

बोट दीड तास थांबणार होती.
संग्रहालयाला कुलूप; किल्लीवाली उस्तिन्या
धक्क्यावर माशांची खवलं काढत बसलेली.
"इतिहास ना? या," म्हणाली हात पुसत,
आणि गोदामाच्या मागच्या भिंतीशी नेलं.

ओंडक्यांवर पुराच्या खुणा, चाकूनं कोरलेल्या.
प्रत्येकीपुढे साल,
एकीपुढे वाहून गेलेल्या गाईचं नाव : ज़ोर्का.
सगळ्यांत वरची रेघ माझ्या कपाळाच्याही वर.
तिच्यापुढे
काहीच नाही.

"त्या साली पडाव भरभरून माणसं आणली,
इथे, काठावर उतरवली.
रेघ माझ्या आज्यानं मारली.
त्याला फक्त पाणी मोजता यायचं."

डास चावत होते.
भोंगा झाला तेव्हा तिनं
कागदात गुंडाळून एक मासा दिला,
पैसे मोजून घेतले,
सुटे परत केले.